बाई, तुमच्या गाडीत एक नाही, दोन आवाज आहेत

भाऊ, नमस्कार.

आमची गाडी २००९ सालची, पेट्रोलवरची, ९२ हजार किलोमीटर झालेली. डिसेंबरात पुढचे ब्रेक पॅड बदलले, डायनामोचं काम केलं (बेअरिंग आणि कार्बनचे ब्रश), त्याच वेळी फॅन बेल्टही नवा टाकला. गाडी घरी आणली आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी चालू केली की अर्धा मिनिट किंचाळते, मग गप्प. एसी लावला की पुन्हा. मेस्त्री म्हणाला, "बाई, नवा माल हाय, बसंल की." नाही बसलं. परत नेली तर बेल्टवर कसलासा फवारा मारून दिला. दोन दिवस शांतता, तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा मोठा आवाज. मग त्यानं बेल्ट आणखी ताणला. आता किंचाळणं कमी झालंय, पण रेस केली की बारीक "गुंईऽऽ" असा सूर लागतो. शिवाय गल्लीतून हळू जाताना पुढच्या डाव्या चाकातून चीं… चीं… येतं, ब्रेकवर पाय ठेवला की थांबतं. गड्डा यात्रेच्या दिवसांत जत्रेच्या होम मैदानाजवळून जाताना लोक वळून बघत होते. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं डायनामो, एसीचा कॉम्प्रेसर आणि डिस्क, सगळंच बदला म्हणून १८ हजारांचा अंदाज दिला. मुलगा म्हणतो विकून टाक. फेब्रुवारीअखेर तुळजापूरला जायचंय. कोणाचं ऐकू?

— एक निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर

बाई, नमस्कार.

माझ्याकडे येणारी बरीचशी पत्रं "गाडी आवाज करते, काय करू" एवढ्यावर संपतात. तुम्ही मात्र आवाज कधी येतो, कधी थांबतो, काय केल्यावर बदलला, हे ओळीनं लिहिलंत. निदानाचं अर्धं काम तिथंच झालं. उरलेलं अर्धं मी गाडीला हात न लावता करतोय, तेवढी सूट द्या. गाडीचं नाव मुद्दाम छापत नाही, कारण हे दुखणं कुठल्याही कंपनीच्या जुन्या गाडीला होतं.

किंचाळणं आणि "गुंई" हे बॉनेटखालचं प्रकरण, आणि चीं-चीं हे चाकातलं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एकाच फेरीत दोन्ही ठिकाणी हात लागला म्हणून दोन्ही एकदम सुरू झाले, एवढंच. पहिला मेस्त्री दोघांना मिळून "बसंल" म्हणाला, दुसरा दोघांना मिळून १८ हजार म्हणाला. आवाज वेगळे कुणीच केले नाहीत. माझी तक्रार आहे ती तेवढीच.

वेगळे करायला फार काही लागत नाही. गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून हळूहळू रेस करा. उभ्या गाडीत जो आवाज येतो आणि रेसबरोबर चढतो-उतरतो, तो पट्ट्याच्या (फॅन बेल्टच्या) बाजूचा. मग सकाळी रिकाम्या रस्त्यावर वीस-तीसच्या वेगानं जाताना न्यूट्रल करून बघा. इंजिन मंद झालं तरी आवाज चाकाच्याच चालीनं चालू राहिला, तर तो चाकाचा. रेडिओ, एसी बंद, काच खाली. एखाद्या लांब कंपाउंडच्या भिंतीला धरून गेलात तर आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि डावं की उजवं ते चांगलं उमगतं. एकदा भिंत डाव्या हाताला, परत येताना उजव्या हाताला. काय ऐकलं ते कागदावर लिहा, आठवणीवर ठेवू नका. गॅरेजात पोचलं की गाडी हटकून गप्प बसते, हा अनुभव तुम्हालाही असेल.

आता पट्ट्याकडे वळू.

"फॅन बेल्ट" हे नाव आपल्या तोंडी बसलंय. पूर्वी त्या पट्ट्यावर रेडिएटरचा पंखा फिरायचा. तुमच्या गाडीच्या काळापर्यंत छोट्या गाड्यांचे पंखे विजेवर गेले होते. पट्टा आता फिरवतो डायनामो (बॅटरी चार्ज करणारा, पुस्तकी नाव अल्टरनेटर), बहुतेक गाड्यांत पाण्याचा पंप, आणि तोच किंवा शेजारचा दुसरा पट्टा एसीचा कॉम्प्रेसर. सकाळी किल्ली फिरवताना स्टार्टर बॅटरीतून भरमसाट करंट ओढतो. इंजिन लागलं रे लागलं की डायनामो ती तूट भरायला बसतो, म्हणजे नेमका त्याच अर्ध्या मिनिटात तो सगळ्यात जड फिरतो. त्यात जानेवारीची थंडी, रबर कडक. पट्ट्याची पकड कमी असेल तर तो पुलीवर घसरतो. बॅटरी जराशी भरली की भार उतरतो, पट्टा पकडतो, आवाज गप्प. एसी लावला की कॉम्प्रेसरचा भार येतो आणि पुन्हा तेच. तुमचं वर्णन घसरणाऱ्या पट्ट्याचं आहे, पुस्तकात छापावं इतकं. खात्री करायची तर सकाळी चालू केल्याबरोबर हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही लावा. आवाज लांबला तर शंका उरत नाही.

घसरण्याचा आवाज एवढा कर्कश का? तुम्ही फळ्यापुढे आयुष्य काढलंत, तुम्हाला सांगायला सोपं. नवा लांब खडू सरळ धरून ओढला की वर्गभर शिरशिरी आणणारी किंचाळी निघते. खडू फळ्याला चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, सेकंदाला कितीतरी वेळा, आणि तीच थरथर आपल्याला ऐकू येते. खडू मोडून अर्धा केला किंवा तिरका धरला की आवाज जातो. पट्ट्याचं हेच, आणि ब्रेकचंही हेच. खडू लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नवा पट्टा पहिल्या काही तासांत थोडा ढिला पडतो, पुलीच्या खाचांत बसतो. म्हणून हातानं ताणायच्या पट्ट्याला शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा ताण द्यावा लागतो. "बसंल की" मधलं खरं ते एवढंच. पण पट्टा "बसला" की आवाज जात नाही, उलट येतो. बसल्यावर ताणायला बोलवायचं असतं, ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही.

फवाऱ्याबद्दल मात्र मला राग आहे. माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात मागावर जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे, होते. पट्टा घसरायला लागला की त्यावर राळ चोळायची, ही कारखान्यातली जुनी रीत. पट्टे कातड्याचे होते तोवर तिला अर्थ होता. गाडीच्या रबरी, खाचांच्या पट्ट्यावर राळ, साबण, पावडर, तेलकट फवारा यांतलं काहीही मारलं की दोन दिवस गंमत होते, मग त्यावर आपल्याकडची धूळ बसते, तिचा लेप होतो, पट्टा चकचकीत होतो आणि आधीपेक्षा जास्त घसरतो. तुमच्याकडे तिसऱ्या दिवशी हेच झालं. तो पट्टा आता गेला समजा. महिन्याभराचाच आहे म्हणून जीव तुटेल, पण त्याच्यावर आणखी प्रयोग नकोत.

मग मेस्त्रीनं तो ताणला, आणि "गुंई" सुरू झाली. हे मला सगळ्यात जास्त खुपतं. पट्टा फाजील ताणला की त्याचा सगळा ओढा डायनामोच्या आणि पाण्याच्या पंपाच्या बेअरिंगवर येतो. नुकतीच घातलेली बेअरिंगं आहेत, ती दोन-तीन महिन्यांत खाऊन टाकायची ही हमखास वाट. जुना ठोकताळा असा: दोन पुल्यांमधल्या सगळ्यात लांब भागावर, इंजिन बंद असताना, अंगठ्यानं जोरात दाबलं तर पट्टा साधारण १० मिलिमीटर आत जावा. अंगठ्याला लोखंडाच्या पट्टीसारखा लागला तर जास्त ताणलाय. (काही गाड्यांत आपोआप ताण ठेवणारा स्प्रिंगचा टेन्शनर असतो, तिथं अंगठ्याचा हिशेब चालत नाही.) ताण उतरवून घ्या आणि आधी "गुंई" जाते का बघा. गेली तर बेअरिंग वाचलं.

आता प्रश्न उरतो की नवा पट्टा दुसऱ्याच दिवशी का घसरला. इथं माझा संशय डायनामो परत बसवण्यावर आहे. डायनामो काढला, कामाला दिला, पुली काढली-घातली, परत ब्रॅकेटवर चढवला. यात एखादा वायसर (वॉशर, लोखंडी चकती) इकडचा तिकडे झाला की पुली दोन-तीन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसते. डोळ्याला दिसत नाही, पट्ट्याला दिसतं. तो खाचेत तिरका शिरतो आणि कडेला घासतो.

हे मी छातीठोक सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केलीय. माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीत, स्वतःच्या हातानं. दोन पट्टे बदलले, तिसरा आणायला निघालो, तेव्हा घरातल्यांनी विचारलं की स्टीलच्या ताटलीत ही गोल चकती कधीपासून पडलीय. नटबोल्ट ठेवायला मीच घेतलेली ती ताटली. डायनामोच्या ब्रॅकेटमागचा वायसर होता तो. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्याकडे जेवायला बसलं की कुणीतरी ताटली उलटी करून दाखवायचं.

तेव्हा मेस्त्रीला सांगायचं ते असं. पट्टा काढून इंजिन अगदी थोडा वेळ चालू करा, अर्ध्या मिनिटाच्या आत बंद, कारण पट्ट्याशिवाय पाण्याचा पंप फिरत नसेल. आवाज गेला म्हणजे तो पट्ट्याचा किंवा पट्ट्यावर फिरणाऱ्या कुठल्यातरी वस्तूचा. मग एकेक पुली हातानं फिरवून बघा. खरखर लागली, डुगडुगली, तर बेअरिंग. गुळगुळीत फिरली तर निर्दोष. पुल्यांच्या खाचा पुसा, तिथं तेल किंवा कूलंट पाझरलंय का बघा. पुल्यांच्या तोंडावर सरळ लोखंडी पट्टी लावून त्या एका रेषेत आहेत का ते तपासा. हे सगळं झाल्यावर नवा पट्टा, बेताचा ताण, आणि दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासणी.

नव्या पट्ट्यावर पुन्हा आवाज आलाच तर पाण्याची परीक्षा आहे. इंजिन मंद चालू असताना बाटलीतून चार थेंब पट्ट्याच्या आतल्या खाचांच्या बाजूवर उडवायचे. आवाज क्षणभर गेला आणि परत आला तर पुल्या सरळ रेषेत नाहीत. आवाज वाढला तर ताण कमी आहे. तुमच्या आताच्या फवारलेल्या पट्ट्यावर ही परीक्षा खोटं बोलेल, म्हणून नव्यावरच. आणि ती मेस्त्रीकडूनच करवून घ्या. फिरत्या पट्ट्याजवळ पदर, ओढणी, सैल बाही, काही काही नको. विजेचा पंखा तर काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही गरम झाला की आपोआप सुरू होतो.

एसीच्या कॉम्प्रेसरचं काय? तो या खटल्यात साक्षीदार आहे, आरोपी नाही. त्याच्या पुलीचं बेअरिंग गेलं असतं तर एसी बंद असतानाही आवाज येत राहिला असता, कारण पट्टा फिरतो तोवर ती पुली फिरतच असते. तुमच्याकडे तसं नाही. पट्टा काढल्यावर हातानं पुली फिरवून खात्री होईलच. तोवर कॉम्प्रेसरसाठी एक रुपयाही काढू नका. डायनामोचंही तसंच: आधी ताण उतरवा, मग बोला.

चाक. चीं-चीं हळू चालताना येते आणि ब्रेकवर पाय ठेवला की थांबते, म्हणजे पॅड डिस्कला (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला) हलकेच शिवतोय आणि नीट दाबला की थरथर थांबते. खडू जोरानं दाबून धरला की किंचाळत नाही, तसं. पॅड बदलताना तीन गोष्टी हमखास राहून जातात. पॅडच्या पाठीला पातळ पत्र्याच्या शिम असतात, त्या जुन्या पॅडबरोबर कचऱ्यात जातात. शिम हीच थरथर गिळायला दिलेली असते. दुसरं, कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ज्या पिनांवर सरकतो त्या साफ करून ब्रेकचं खास, उष्णता सोसणारं ग्रीस लावावं लागतं. पिना सुक्या राहिल्या तर कॅलिपर मागे सरकत नाही आणि पॅड चिकटून राहतो. (ग्रीस पिनेला आणि पॅडच्या पाठीला. घासणाऱ्या बाजूला चुकूनही नाही, हे सांगायची वेळ मेस्त्रीवर येऊ नये, पण येते.) तिसरं, डिस्कच्या मागे पातळ पत्र्याचं झाकण असतं, ते चाक काढताना वाकतं आणि डिस्कला घासायला लागतं. स्क्रू-ड्रायव्हरनं एक मिलिमीटर मागे ढकललं की काम संपतं, पैसे घ्यायलाही मेस्त्री लाजतो. त्याच फटीत खडीचा खडा अडकला तर तो भयंकर किंचाळतो. आपल्याकडचे रस्ते बघता तेही शक्य आहे. गाडी थोडी मागे घेतली की खडा कधी कधी पडतो.

पिन अडकलीय का हे तुम्ही घरीच बघू शकता. पाच-सहा किलोमीटर जाऊन या, शक्यतो ब्रेक कमी वापरत. उतरल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न्या. लावू नका, नुसता जवळ न्या. डावं चाक उजव्यापेक्षा चांगलंच तापलेलं असेल तर पॅड चिकटतोय. ते काम आधी करा, पट्ट्याच्याही आधी.

डिस्क बदलायची का? ९२ हजारांवर डिस्क झिजलेली असणार, कडेला धार आली असेल, आणि नवा पॅड त्या धारेवर चढून कुरकुरत असेल. पण बहुतेक डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. मेस्त्रीला व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावून आकडा वाचून दाखवायला सांगा. त्याहून जाड असेल तर कडेची धार उतरवून आणि पॅडच्या कडा थोड्या तिरक्या घासून भागतं. कडा तिरक्या करणं म्हणजे खडू तिरका धरणंच. किमानाला टेकली असेल तर बदला, आणि दोन्ही बाजूंच्या एकदमच. आकडा न दाखवता "डिस्क गेलीय" म्हणणाऱ्याला, नमस्कार.

आणि इथं पहिल्या मेस्त्रीला थोडा न्याय द्यायला हवा. नवे पॅड खरंच बसावे लागतात. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळायचे. रिकाम्या रस्त्यावर पन्नासवरून दहापर्यंत, मध्यम दाबानं, पूर्ण न थांबता, मध्ये गार व्हायला वेळ देत आठ-दहा वेळा ब्रेक लावले की पॅड आणि डिस्कची गट्टी जमते. गाडी धुतल्यावर किंवा पाऊस लागल्यावर पहिल्या दोन ब्रेकना येणारा आवाज हा डिस्कवरच्या पातळ गंजाचा, तो सोडून द्या. पण तुमचा आवाज महिना झाला तरी आहे आणि एकाच चाकात आहे. तो बसायचा नाही.

गॅरेजात जाताना मुलाला नेलं तरी बोला तुम्हीच. "तुम्ही गाडी बिघडवली" असं म्हटलं की समोरचा वकील होतो. "सकाळी अर्धा मिनिट, एसीला पुन्हा, ताणल्यावर गुंई, डावं चाक ब्रेकला थांबतं" हा कागद पुढे ठेवला की तो मेस्त्री होतो. पहिल्याकडेच जा असं मी म्हणेन. काम त्याचं आहे, महिनाच झालाय, आणि शिम, पिना, पुलीची रेष हे त्यानंच पुरं करायचं राहिलेलं काम आहे. पट्ट्याचे पैसे द्या, मजुरीचं बोलून घ्या.

चालवताना बॅटरीचा लाल दिवा लागला, तापमानाचा काटा वर सरकला, जळक्या रबराचा वास आला, तर बाजूला घ्या आणि बंद करा. पट्टा तुटला तर पाण्याचा पंपही थांबू शकतो आणि इंजिन काही मिनिटांत उकळतं. चीं-चींची जागा घर्रघर्र अशा खरवडण्यानं घेतली, पेडल मऊ लागलं किंवा ब्रेकला गाडी एका बाजूला ओढली, तर गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका, मेस्त्रीला घरी बोलवा.

मुलाला सांगा, विकायची तर खुशाल विका, पण किंचाळणारी गाडी बघायला आलेला गिऱ्हाईक त्या १८ हजारांच्या वर कापून मागेल. आवाज बंद करून विका.

तुळजापूरचं अंतर फार नाही, पण शेवटी घाट आहे आणि परतीच्या उतारावर ब्रेकच लागतात. डाव्या चाकाचं काम झाल्याशिवाय निघू नका. पट्टा घालून दोनशे किलोमीटर झाले नसतील तर निघायच्या आदल्या दिवशी ताण बघून घ्या. आणि डिसेंबरात काढलेला तुमचा पहिला जुना पट्टा मेस्त्रीनं फेकला नसेल, चिरलेला नसेल, तर मागून घ्या आणि डिकीत ठेवा. २००९ च्या गाडीचा नेमका मापाचा पट्टा रविवारी दुपारी वाटेवरच्या दुकानात मिळेलच असं नाही, बसवणारा मात्र कुठंही मिळतो.